एकोणीस

“अठरा,” चिन्मयी म्हणाली, आणि पुढचा आकडा आलाच नाही.

बसच्या सावलीत सातवी ब एका रांगेत उभी होती. अरुंधतीने हातातल्या यादीवरून मान वर केली. टेकडीकडून येणारा डिसेंबरचा वारा कागदाचं टोक सारखं उलटत होता. तिने ते अंगठ्याखाली दाबून धरलं.

“एकोणीस कोण?”

चिन्मयीच्या मागे गार्गी नाकाडे उभी होती, पाण्याच्या बाटलीचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत.

“गार्गी, तुझा नंबर आहे.”

गार्गीने पट्टा सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

“झोप झाली नाही का गं? सकाळी गेटवरही असंच केलंस. आज यादीतला नंबर म्हणायचा, असं सांगितलं होतं ना? बरं, जाऊ दे. पुढचा. वीस?”

वीस आला, एकवीस आला. मधेच कुणीतरी सवयीने चुकीचा आकडा म्हटला, मग जीभ चावून बरोबर म्हटला. असे अडखळत अडखळत आकडे रांगेच्या टोकाला पोहोचले आणि शेवटी उभा असलेला आर्यन हेडाऊ घसा ताणून ओरडला, “एक्केचाळीस!”

बसच्या दाराला टेकून श्रावण ड्रायव्हर हा सगळा प्रकार पाहत होता. संत्र्याची फोड तोंडात टाकत तो म्हणाला, “मॅडम, बोटानं मोजून टाका ना. दोन मिनटाचं काम हाय.”

“बोट दाखवून लेकरं मोजू नयेत, श्रावणभाऊ.”

“माही आजी बी असंच म्हणे,” श्रावण म्हणाला. “पण थे बकऱ्याइच्या बाबतीत.”

मुलं खिदळली. आर्यनने बकरीचा आवाजही काढून दाखवला. गार्गी हसली नाही. अरुंधतीच्या ते लक्षात आलं, आणि तिला थोडा रागच आला. सहल महिनाभर आधी ठरलेली, डब्यात काय आणायचं त्यावर वर्गात आठवडाभर चर्चा झालेली, आणि ही पोरगी सकाळपासून असं तोंड करून.

रामटेकच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत आलं, की पिपरडोहची टेकडी लागते. वरून पाहिलं तर टेकडी, जवळ गेलं की विटा. पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वीच्या विटांच्या भिंती, अर्ध्यातच संपणाऱ्या पायऱ्या, छत नसलेल्या खोल्या. दोन दोन मुलांनी हात धरायचे, भिंतीवर चढायचं नाही, काही उचलायचं नाही, असं सगळं बजावून अरुंधती पुढे निघाली. तिच्या मागे जोड्या लागल्या. थोडं अंतर गेल्यावर चिन्मयी आपल्या जोडीदारणीचा हात सोडून तिच्या बाजूला आली.

“मॅडम.”

“काय गं?”

“गार्गीला रागावू नका ना.”

“मग तिने नंबर म्हणायला नको?”

चिन्मयी रस्त्याकडे बघत म्हणाली, “तो अपेक्षाचा नंबर आहे ना, मॅडम.”

अरुंधती चालत राहिली. आपण चालत आहोत, हे तिला पायांखालच्या गिट्टीच्या आवाजावरून कळत होतं.

अपेक्षा नंदनवार. एकोणीस. ऑगस्टमध्ये पाच दिवसांचा ताप आला, डेंग्यूचा, आणि सहाव्या दिवशी शाळा लवकर सुटली. हजेरीपटावर त्या ओळीतून अरुंधतीनेच लाल शाईची रेघ ओढली होती. तेव्हापासून रोज हजेरी घेताना ती अठरा म्हणायची आणि मग वीस. मधे काही नसायचं. पण त्या न म्हटलेल्या आकड्याएवढा वेळ मात्र वर्ग थांबायचा. पंख्याचा आवाज ऐकू येई. मग वीस नंबरची गार्गी “हजर” म्हणायची आणि पुढचं सगळं भराभर व्हायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं.

सहलीची यादी तिने काल दुपारी शाळेच्या ऑफिसात बसून केली. “मधला नंबर गाळू नका बरं मॅडम,” क्लार्क म्हणाले होते, “सलग नसली की विम्याची यादी वापस येते.” तिने संगणकावर ती ओळ निवडली आणि पुसली. एक ओळ पुसली, आणि खालच्या सगळ्या मुलांचे आकडे आपोआप बदलले. वीसची एकोणीस झाली, एकवीसची वीस. पडद्यावर कुठे फट राहिली नाही. ‘चला, किती सोपं,’ असं तिच्या मनात आलं होतं. तेच आता आठवलं. नुसतं आठवलं नाही, शब्दसुद्धा जसेच्या तसे आठवले.

पहिलीपासून या दोघी परीक्षेत मागेपुढे. आडनावंच तशी, नंदनवार आणि नाकाडे. सहा वर्षं गार्गीने पेपर लिहिता लिहिता मान वर केली, की समोर अपेक्षाच्या वेण्या. एकदा सुपरव्हिजनवर असताना अरुंधतीने पाहिलं होतं: अपेक्षाने मागे न वळताच खोडरबर खांद्यावरून मागे धरला आणि गार्गीने न मागताच तो घेतला.

“बरं झालं सांगितलंस,” ती चिन्मयीला म्हणाली. “जा, जोडीत जा.”

उत्खननाच्या जागेवर एक म्हातारी बाई त्यांची वाट पाहत होती. नऊवारीवर खाकी स्वेटर, हातात बांबूची काठी. तुळसाबाई. ती इथली चौकीदार. त्याआधी, खोदकाम चाललं होतं त्या सगळ्या वर्षांत, ती इथेच माती वाहत होती.

“या, या. किती जण हा रे? टेकडी खाली बसन ना बाप्पा!” ती म्हणाली. “हे पाहा, इथून तं तिथलोक राजाचा वाडा होता म्हणते.”

“म्हणते म्हणजे? तुम्हाला नक्की माहीत नाही?” आर्यनने विचारलं.

“मी काय राजाच्या लग्नात जेवली होती का रे?”

सगळा वर्ग हसला. आर्यनही हसला, पण माघार घेणाऱ्यातला तो नव्हता. “मॅडम, मी दिवाळीत ग्रीसला गेलो होतो ना, काकासोबत. तिथं याच्यापेक्षा जबरदस्त आहे. एवढे मोठे मोठे खांब. मार्बलचे. इथं तर नुसत्या विटाच विटा. एकपण खांब नाही.”

“सांगतोस किती वेळा,” मागून कुणीतरी म्हणालं. “ग्रीसवरून आला तेव्हापासून पाणीपण तिथलंच पितो.”

तुळसाबाईने काठी टेकली. “खांब पायजे का तुले? हाय ना. चाल.”

ती त्यांना पायऱ्यांना वळसा घालून पलीकडे घेऊन गेली. तिथे मोठा चौकोनी खड्डा होता, जवळजवळ एका वर्गखोलीएवढा. उतरायला मातीतच पायऱ्या कोरल्या होत्या. मुलं एकेक करून खाली उतरली. खड्ड्याच्या तळाशी विटांची फरसबंदी, आणि मधोमध मातीचा एक खांब उभा होता. चौकोनी, दोन हात रुंद, अरुंधतीच्या डोक्यावरून चांगला वर गेलेला. त्याच्या अंगावर थर दिसत होते: काळा, पिवळसर, राखेसारखा, मग पुन्हा काळा. अगदी वरती वाळलेल्या गवताचा एक झुपका वाऱ्याने हलत होता.

आर्यनने मान मागे टाकून पाहिलं. “हा खांब? हा तर मातीचा आहे.”

“मंग? मातीचा खांब खांब नसते का?”

“राजानं बांधला?”

“कोणी नाही बांधला,” तुळसाबाई म्हणाली. “त्याले साक्ष म्हणते. आमी मजूर लोकं तेच म्हणतो. रोडचं काम असो, तळ्याचं असो, खंदाले लागलं की मधात एक असा खांब सोडाचा. बाकी सगळी माती काढाची, त्याले हात नाही लावाचा.”

“काहून?”

“काहून म्हणजे? संध्याकाळी साहेब येते. त्याले कसं समजन, किती खंदलं? माती तं गेली वाहून. गड्डा नुसता गड्डाच दिसते, बाप्पा. बाजूले काही उभं असन, तवाच समजते का इथलोक होतं आन् आता इतलं गेलं.” तिने काठी उंच करून खांबाच्या माथ्याकडे दाखवली. “थे गवत दिसते ना वरतं? थे पहिलेची जमीन. तिथं वावर होतं. मी लगन होऊन आली तवा तिथं तूर निंदली मी.”

मुलांनी वर पाहिलं. कुणी हात उंचावून उडी मारून पाहिली. हात गवताच्या जवळपासही गेला नाही. एकदम सगळ्यांनाच कळलं, की आपण उभे आहोत ती जमीन नाहीच, जमीन तिथे वर होती. माणसं आपल्या डोक्यावरून चालत होती.

“आणि काम संपलं की?” चिन्मयीने विचारलं.

“रोडच्या कामात पाडून टाकते शेवटच्या दिवशी. इथं मोठ्या साहेबानं म्हटलं, राहू दे. पावसाळ्यात मी त्याले ताडपत्रीची टोपी घालून देते. नाहीतं खचते. तरी दर साली थोडा थोडा कमी होतेच.”

गार्गी रांगेतून पुढे आली होती, ते अरुंधतीने तेव्हा पाहिलं. ती खांबाच्या अगदी जवळ उभी होती, पण हात पाठीमागे बांधून, जशी मुलं काचेच्या दुकानात उभी राहतात.

“आजी,” ती म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलत होती. “सगळी माती काढली आणि हीच ठेवली. ही काही वेगळी होती का?”

तुळसाबाईने तिच्याकडे वाकून पाहिलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसावा.

“नाही वं बाई,” ती म्हणाली. “बाकीच्यासारखीच होती. काही वेगळी नव्हती. जिथं होती तिथंच राहू देली, बस.”

गार्गीने मान हलवली. मग ती खांबाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली आणि बराच वेळ दिसली नाही. अरुंधती तिच्या मागे गेली नाही. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, न पिताच परत लावलं.

जेवणं टेकडीखालच्या चिंचेखाली झाली. आर्यनच्या डब्यातल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या सगळ्या वर्गात वाटल्या गेल्या. ग्रीसमध्ये सांबारवडी मिळत नाही, हे त्याने त्यानिमित्ताने कबूल केलं. मुलं खेळली, पडली, दोन गुडघे सोलवटले. साडेतीनला अरुंधतीने शिट्टी वाजवली आणि बसपाशी पुन्हा रांग लागली.

तिने पिशवीतून यादी काढली. विमा, शिक्का, सही, एक ते एक्केचाळीस. थोडा वेळ तिने ती नुसती हातात धरली. मग चार घड्या घातल्या आणि परत पिशवीत टाकली.

“चला, सुरू करा.”

“एक.”

“दोन.”

आकडे रांगेतून जवळ येत गेले. मुलं दमली होती, आवाज खाली आले होते. सोळा, सतरा.

“अठरा,” चिन्मयी म्हणाली.

गार्गीने अरुंधतीकडे पाहिलं. तिचा चेहरा सकाळसारखाच होता, आता पुन्हा तेच होणार, हे ठाऊक असलेल्या माणसाचा. अरुंधती रोज वर्गात थांबायची तेवढीच थांबली. इथे पंखा नव्हता; दूर मोठ्या रस्त्यावरून ट्रक गेल्याचं ऐकू आलं. मग तिने गार्गीकडे पाहून मान किंचित हलवली.

“वीस,” गार्गी म्हणाली.

तिच्या मागचा मुलगा क्षणभर गोंधळला. त्याने वर पाहिलं, तोंड उघडलं, आणि “एकवीस” म्हणाला. बावीस. तेवीस. कुणालाही काही सांगावं लागलं नाही. सकाळी अडखळत गेलेले आकडे आता आपापल्या तोंडी सरळ बसत होते. आर्यनपाशी आले तेव्हा तो ओरडला नाही. शर्टाची बाही ओढत नेहमीच्या आवाजात म्हणाला, “बेचाळीस.”

मुलं बसमध्ये चढली. श्रावण दारात उभा राहून, अरुंधतीचं लक्ष नाही असं पाहून, बोटाने मोजत होता. सगळी आत गेल्यावर त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

“मॅडम, थांबा. बेचाळीस म्हटलं पोट्ट्याइनं. मी एक्केचाळीसच मोजले. एक राहिलं ना बाप्पा!”

अरुंधती पायरीवर एक पाय ठेवून उभी होती.

“हो,” ती म्हणाली. “राहिलंय.”

श्रावणने टेकडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याला पूर्ण कळलं की नाही, कोण जाणे. पण त्याने डोक्यावरची टोपी काढून बोनेटवर ठेवली आणि गाडी सुरू केली.

परतीच्या वाटेवर अर्धी बस झोपली. कन्हानचा पूल ओलांडल्यावर अरुंधतीने फोन काढला आणि पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘बस कामठीजवळ आली आहे. सहापर्यंत शाळेत पोहोचू. मुलांना न्यायला यावे.’ अंगठे वर येऊ लागले, एकामागून एक. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि खिडकीला डोकं टेकलं.

सक्करदऱ्यात शिरेपर्यंत सव्वासहा झाले. शाळेच्या गेटसमोर स्कूटर आणि मोटारसायकलींची दाटी होती. मुलं उतरत होती, पालक हाका मारत होते. कुणाचा स्वेटर बसमध्ये राहिला, कुणाची चप्पल. आर्यन आपल्या आईला खांबाबद्दल सांगत चालला होता, “मातीचा, मम्मी, पण एवढा उंच,” आणि ती म्हणत होती, “आधी गाडीवर बस.” गर्दी पातळ होत गेली.

गेटच्या पलीकडे, पानठेल्याजवळ एक स्कूटर उभी होती. तिच्यावर बसलेल्या बाईने तोंडाला बांधलेली ओढणी सोडली, आणि अरुंधतीला तिचा चेहरा दिसला.

प्रणाली नंदनवार. अपेक्षाची आई.

ती महाल भागातल्या एका साडीच्या दुकानात काम करायची. तेराव्याला अरुंधती तिच्या घरी गेली होती. त्यानंतर गेली नव्हती. जाईन, जाईन म्हणत दिवाळी येऊन गेली. आता ती रस्ता ओलांडून स्कूटरपाशी गेली.

“तुम्ही—”

“मेसेज आला ना,” प्रणाली म्हणाली. “निघाले दुकानातून.”

अरुंधतीला एकदम उमगलं. हजेरीपटावर रेघ ओढली, यादीतली ओळ पुसली, पण ग्रुप. त्या ग्रुपकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. ऑगस्टपासून प्रत्येक सूचना, प्रत्येक गृहपाठ, प्रत्येक वाढदिवसाचा केक या बाईच्या फोनवर जात होता.

“माझ्याच हातून राहिलं हो,” ती म्हणाली. “माफ करा. मी आत्ता, आत्ताच काढते तुमचा नंबर.”

“नका काढू, मॅडम.” प्रणालीने ओढणीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “येऊ द्या. वाचते मी. परवा अपूर्णांकांचा अभ्यास दिला होता ना? तो चौथा प्रश्न कठीण होता. माझं उत्तर काही आलं नाही.”

अरुंधतीला तो प्रश्न आठवेना.

“गार्गीच्या बाबांना फोन केला, की तुम्ही येऊ नका, मी आणते,” प्रणाली म्हणाली. “सोडायचं त्यांनी आणि आणायचं मी, असं पहिलीपासूनचं आहे आमचं. मधे चुकलं चार महिने.”

गार्गी गेटपाशी एकटीच उभी होती. तिने स्कूटर ओळखली होती. पण पाऊल उचलत नव्हती. प्रणालीने हात वर केला, तेव्हा ती आली. दप्तर पाठीवर, बाटली हातात. “मावशी,” एवढंच म्हणाली. प्रणालीने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, त्यात अडकलेलं चिंचेचं पान काढलं.

“जेवली का नीट?”

“हो.”

“बस मग.”

गार्गी स्कूटरवर चढली. चढली ती थेट मागच्या टोकाला, दोन्ही हातांनी मागची दांडी धरून. तिच्या आणि प्रणालीच्या पाठीमधे सीटचा एक हातभर तुकडा मोकळा होता. एवढ्या जागेत एक बारीकशी मुलगी सहज बसली असती.

प्रणालीने आरशात पाहिलं. किल्ली फिरवलेला तिचा हात तिथेच थांबला.

“पुढं सरक, गार्गी.”

गार्गी हलली नाही.

“अशी टोकाला बसशील तर पडशील ना, बाई.” प्रणाली आरशातच पाहत होती. वळली नव्हती. “सरक वं माय. सरक.”

गार्गीने आधी बाटली गळ्यात अडकवली. मग दांडीवरचा एक हात सुटला, मग दुसरा. ती पुढे सरकली. तिचे हात प्रणालीच्या कमरेभोवती पोहोचायला जरा वेळ लागला.

ते पोहोचले, तेव्हा प्रणालीने स्कूटर सुरू केली.